फोनचा प्रकार : साधा

बँकेच्या दप्तरी माझ्याकडे 'साधा फोन' आहे अशी नोंद आहे. ती माझ्यासमोर झाली, माझ्या हातातले यंत्र डोळ्यांनी पाहून झाली, आणि आजही आठवली की माझे डोके फिरते.

त्या यंत्रात अख्खे लिनक्स चालते. मोबाईलसाठी छाटून बसवलेले नव्हे, माझ्या टेबलावरच्या संगणकात आहे तेच. पाईनफोन म्हणतात त्याला. २०२० च्या सुमारास असे फोन हौशी लोकांच्या हातात पोहोचू लागले. मी बंगळूरची नोकरी सोडून सोलापूरला परतलो तो आईसाठी, आणि आता अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या काही टॉवेलवाल्यांचे सर्व्हर सांभाळतो. बिले, सुताचा साठा, कामगारांची हजेरी असले काम. म्हणून खिशात संगणक हवा.

हवा म्हणजे किती हवा, ते एका लग्नात कळले. पंगत बसली होती, पहिला वाढा झाला होता, आणि एका कारखान्यातून फोन आला: बिल निघेना, ट्रक दारात उभा, ड्रायव्हर ओरडतोय. डाव्या हाताने टर्मिनल उघडले, सर्व्हरवर शिरलो. डिस्क गच्च भरली होती. जुन्या नोंदींच्या फायली उडवल्या, सेवा पुन्हा सुरू केली. जिलेबीवाला माझ्या पानापर्यंत यायच्या आत ट्रक हलला होता. शेजारचे पाहुणे म्हणाले, "गेम खेळालाव काय?" मी हो म्हणालो. समजावणार कुठून?

मागचे झाकण काढले की आत मुंगीएवढी बटणे दिसतात. मोडेम, वायफाय, मायक्रोफोन, मागचा कॅमेरा, पुढचा कॅमेरा, आणि हेडफोनसाठी एक. टाचणीने मायक्रोफोनचे बटण खाली ओढले की मायक्रोफोन खरोखर बंद. कुठल्याही प्रोग्रॅमच्या बापाला तो सुरू करता येत नाही. मेमरी कार्ड घातले की दुसरीच प्रणाली सुरू होते, काढले की पहिली परत. बॅटरी २०१५ च्या सॅमसंग जे सेव्हनची बसते, म्हणजे नव्या पेठेत मिळते. आतल्या मोडेमवरसुद्धा वेगळे छोटे लिनक्स चालते, हे कळले तेव्हा मी बायकोला उठवून सांगितले होते. तिने कूस बदलली.

तिचे म्हणणे वेगळे. "अहो, तुमच्या फोनवर सगळं होतंय, फक्त फोन लागत नाही." यात तथ्य आहे. बॅटरी वाचवायला यंत्र झोपवावे लागते आणि झोपलेले यंत्र जागे होईपर्यंत समोरचा माणूस कंटाळून ठेवून देतो. न झोपवावे तर दुपारी चार्जर शोधत फिरा. फोटो असे येतात की लग्नातला नवरा ओळखू येऊ नये. फोरजीवर बोलता यावे म्हणून मोडेमला हाताने आज्ञा द्याव्या लागतात. मराठी लिहायला कीबोर्डचा नकाशा मी स्वतः लिहून बसवला, त्यात 'ळ' कुठे ठेवावा यावर एक रविवार गेला. यातले काहीही मला खुपत नाही. विकणारेच सांगतात की हे जाणकारांसाठी आहे. खुपते ते पुढचे.

एका बँकेत माझे बरेच जुने खाते आहे. एके दिवशी संदेश आला: यापुढे संकेतस्थळावर लॉगिन करायचे तर बँकेच्या ॲपमधून मंजुरी द्यावी लागेल. ओटीपी बंद. मे महिना, बाहेर चव्वेचाळीस अंश, मी शाखेत गेलो. काउंटरवरची मुलगी नम्र होती, हे आधी सांगतो.

"काका, स्मार्टफोन नाही का तुमच्याकडे?"

मी यंत्र काढून दाखवले. तिने ते हातात घेतले, खालून वर, डावीकडून उजवीकडे बोट फिरवले. "प्लेस्टोअर कुठंय यात?"

"नाही."

"मग आयफोनसारखं काही आहे का?"

"नाही. हे लिनक्स आहे."

तिने मागच्या टेबलाकडे पाहिले. मागच्या टेबलाने मॅनेजरच्या केबिनकडे पाहिले. मी केबिनमध्ये गेलो. साहेबांनी चहा मागवला, माझे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "सिक्युरिटीचा विषय आहे, आम्ही काही करू शकत नाही." त्यांचा स्वतःचा फोन टेबलावर पडला होता. काच तडकलेली, मॉडेल इतके जुने की त्याला सुरक्षेची दुरुस्ती येणे केव्हाच थांबले असणार. त्यात बँकेचे ॲप होते आणि चालत होते. माझ्या यंत्राची डिस्क कुलूपबंद, दर आठवड्याला दुरुस्त्या येतात, आत काय चालले आहे त्याची जवळजवळ ओळ न् ओळ मला वाचता येते. तरी धोकादायक कोण, तर मी.

यामागची युक्ती अशी. ॲप उघडताना अँड्रॉइडकडून खातरजमा करून घेते, की ही प्रणाली गूगलने मान्य केलेली, बनवणाऱ्याने दिली तशीच आहे ना. उत्तर 'हो' आले तर दार उघडते. फोन सुरक्षित आहे का, हा प्रश्न वेगळा, आणि तो अनेकदा विचारलाच जात नाही. फोन मालकाच्या ताब्यात गेला आहे का, एवढेच पाहिले जाते. माझ्या यंत्रात वेड्रॉइड नावाच्या सोयीने अँड्रॉइडची ॲप चालतात, बातम्या वाचता येतात, पण या परीक्षेत ते नापासच. आणि गंमत बघा, अँड्रॉइडचा गाभा लिनक्सच आहे. जगातले बहुतेक सर्व्हरही त्याच्यावरच उभे आहेत.

शेवटी मुलीने एक अर्ज पुढे केला. 'फोनचा प्रकार' या रकान्यात तीन चौकटी: अँड्रॉइड, आयफोन, साधा. मी म्हटले, यातले एकही नाही. ती म्हणाली, "एक तरी टिक करावी लागेल काका, नाहीतर सिस्टम पुढं जात नाही." मी पेन हातात धरून बसलो. मागे रांग वाढली, एक आजोबा "बघा की ओ" म्हणू लागले. मग तिनेच पेन घेतले आणि 'साधा'वर टिक केली. सही माझी.

साध्या फोनवाल्यांना *९९# आहे. २०१४ मध्ये जनधनच्या वेळी ही सेवा देशभर आली. इंटरनेटशिवाय, नुसते आकडे दाबून पैसे पाठवायचे, एका वेळी पाच हजारांपर्यंत. माझ्या टूजी चालणाऱ्या सिमवर ती व्यवस्थित चालते. म्हणजे चार गाभ्यांचा प्रोसेसर असलेला संगणक हातात घेऊन मी बटणाच्या फोनसारखा एक दाबा, दोन दाबा करत बसतो. शिवाय पिन टाकला की पडद्यावर उघडा दिसतो. हे बँकेला सुरक्षित वाटते! शेंगाचटणीच्या दुकानात क्यूआर माझ्या कामाचा नाही, म्हणून मी दुकानदाराचा नंबर मागतो, तो संशयाने बघतो, मधेच सेवा तुटते, आणि मी रोख देऊन निघतो.

हातात मावणारे लिनक्स आपल्याकडे नवे नाही. बंगळूरला असताना मी सिंप्युटर हातात घेतला होता. नव्या पिढीला हे नावही माहीत नाही. भारतीय विज्ञान संस्थेतले विजय चंद्रू, स्वामी मनोहर वगैरे प्राध्यापक आणि एन्कोर कंपनीचे विनय देशपांडे यांनी मिळून तळहातावरचा लिनक्स संगणक बेतला, २००१ मध्ये नमुना दाखवला, आणि मार्च २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सने 'अमिडा' नावाने तो बाजारात आणला. प्रोसेसर २०६ मेगाहर्ट्‌झ, स्मृती ६४ एमबी. यंत्र कलते केले की पान उलटायचे, आणि हे आयफोनच्या तीन वर्षे आधी. स्वस्तातले मॉडेल दहा हजारांच्या आसपास होते. हजारोंच्या वर विक्री गेली नाही. खेड्यांसाठी म्हणून केलेली वस्तू खेड्यांना महाग पडली, शहरांना फोन हवा होता, आणि सरकारांनी घाऊक मागणी नोंदवलीच नाही. हे अपयश मला माहीत आहे, त्यावर पांघरूण घालत नाही.

पण त्यातली एक कल्पना मला आजही थक्क करते. सिंप्युटरला स्मार्टकार्डची खाच होती. यंत्र गावाचे, कार्ड ज्याचे त्याचे. कार्ड घातले की यंत्र तुमचे, काढले की पुढच्या माणसाचे. माणसाची ओळख कार्डात होती, यंत्र कोणाचे याला महत्त्व नव्हते. आज उलटे झाले आहे. माझी ओळख हँडसेटला बांधली आहे, आणि तो हँडसेट चालेल की नाही हे अमेरिकेतल्या दोन कंपन्यांपैकी एकीने ठरवायचे. आपल्याच देशात वीस वर्षांपूर्वी यावर तोडगा टेबलावर होता. आपण तो उचलला नाही.

एवढे बोलून झाल्यावर हेही सांगायला हवे. आमच्या गल्लीतल्या एका मावशींना व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली. पत्रिका नव्हतीच, ॲपची फाईल होती. त्यांनी उघडली, विचारेल त्याला हो म्हणत गेल्या, आणि खाते रिकामे झाले. त्या संध्याकाळी मी आईचा फोन घेतला आणि बाहेरची ॲप बसवण्याची जेवढी दारे होती तेवढी बंद केली. आईने विचारलेसुद्धा नाही. माझ्या फोनवर कोणी असे न विचारता काही केले असते तर मी घर डोक्यावर घेतले असते. बँकेचे साहेब मला जे सांगत होते तेच मी आईच्या बाबतीत केले, आणि पुन्हा करीन. तरी त्या तीन चौकटींचा राग गेलेला नाही. चौथी चौकट छापायला काय पडते?

आता बँकेपुरता एक जुना अँड्रॉइड घेतला आहे. तो कपाटात असतो. पैसे पाठवायचे असले की काढतो, तेवढ्यात तो म्हणतो आधी अपडेट करा.

एका कारखानदाराचा मुलगा इंजिनीअरिंगला आहे. माझे यंत्र बघून तो भारावला, "सर, मी पण घेऊ का?" मी म्हटले, घे, पण दुसरा फोन असेल तर, आणि नोकरीच्या मुलाखतीचा फोन यायचा असेल तर मुळीच नको. त्यापेक्षा जुना लॅपटॉप घे, त्यावर लिनक्स टाक, मोड, पुन्हा टाक. तो हिरमुसला. "मग तुम्ही का वापरताय?" मी झाकण काढून मायक्रोफोनचे बटण दाखवले. तो म्हणाला, "हे माझ्या फोनमध्ये सेटिंगमध्ये होतंय की." आम्ही पाऊण तास भांडलो, तो पटला नाही. पुढच्या महिन्यात त्याने हप्त्यावर आयफोन घेतला. त्याच्या वडिलांचे बिलिंग अडले की मात्र फोन मलाच येतो, तिसऱ्या-चौथ्या खेपेला लागतो.