हात बघायचा खेळ

धाकट्या दिरांचा मुलगा पुण्यात गेम डिझाइन शिकतो. दिवाळीला बेळगावला आला आणि म्हणाला, "काकू, माझा गेम तपासायचाय. सहा माणसं पायजेत. काकांनाही आण." मी गप्पच. वाटणीची भिंत उभी राहिल्यापासून तीन वर्षं हे आणि भाऊजी एकमेकांशी बोलत नव्हते. गच्ची तेवढी सामाईक राहिली होती. पोरानं तीच निवडली.

मोबाइलवरचा खेळ म्हणजे माना खाली, असंच मला वाटायचं. यानं सांगितलं ते उलटंच. कोपनहेगनमध्ये डग्लस विल्सन आणि त्याच्या सोबत्यांनी 'योहान सेबास्टियन जाउस्ट' नावाचा खेळ बनवला. २०१४ मध्ये तो 'स्पोर्ट्सफ्रेंड्स' या संग्रहात आला. त्यात बघायला पडदाच नाही. प्रत्येकाच्या हातात टोकाला दिवा असलेला कंट्रोलर. आपला स्थिर ठेवायचा, दुसऱ्याचा हलवायचा. धक्का बसला की बाद. बाखचं संगीत संथ असेल तर जराशी हालचालही चालत नाही, जलद झालं की थोडी मोकळीक. पडदा काढला की बघायला समोरचा माणूसच उरतो. पोरानं तेच तळहातावरच्या मोबाइलवर जमवलं होतं. धक्का बसला की मोबाइल लाल.

उजेडातच जेवणं उरकून आम्ही गच्चीवर गेलो. मी लगेच बाद. जाऊबाई हसता हसताच बाद. मुलंही गेली. शेवटी राहिले दोघे भाऊ. संगीत संथ झालं. दोघं गोल फिरताहेत, नजर एकमेकांच्या हातावर. भाऊजींनी हात पुढं केला आणि मध्येच थांबवला. त्यांचा स्पर्श व्हायच्या आधीच ह्यांचा मोबाइल लाल झाला होता.

"अण्णा, हात कधीपासून थरथरतोय?"

तीन वर्षांतलं पहिलं वाक्य.

"झालं की वर्ष," हे म्हणाले. मला ठाऊक होतं. पण भिंतीपलीकडं कोण सांगणार?

रात्री पोरगं वहीत लिहीत बसलं होतं. ज्याचा हात थरथरतो त्याच्यासाठी मर्यादा सैल करायची सोय पाहिजे, नाहीतर तो माणूस खेळाबाहेरच राहील, म्हणाला.

भिंत आहे तिथंच आहे. दुसऱ्या दिवशी ह्यांना डॉक्टरांकडं घेऊन गेले ते मात्र भाऊजी. मी दारातून बघत राहिले. स्कूटरवर मागं बसलेल्या ह्यांनी तोच हात धाकट्या भावाच्या खांद्यावर ठेवला होता.