जायफळाविना कॉफी

कॉफी हे आमच्याकडे पेय नव्हे, औषध आहे. चहाची गोष्ट वेगळी. मालेगावात माणसे चहा पितात ती श्वास घ्यावा तशी. यंत्रमागावरची पाळी सुटली की कामगार घरी जाण्याआधी टपरीवर जातो. रात्री एक वाजता फिरायला निघालात तरी कुठे ना कुठे स्टोव्ह भरभरत असतोच. कॉफी मात्र घरात कोणाला ताप आल्याखेरीज, नाहीतर मुलगी पाहायला मंडळी आल्याखेरीज गॅसवर चढत नाही. आणि चढते तीही एकटी नव्हे. नव्या नवरीबरोबर पाठराखीण यावी तसे तिच्याबरोबर जायफळ येते.

अशा गावात राहून मी गेल्या उन्हाळ्याची अर्धी सुट्टी एस्प्रेसो कॉफीचे चांगले यंत्र निवडण्यात घालवली, असे सांगितले तर वाचक मला हसतील. हसावे. माझ्या शाळेतले सहकारी तर अजून हसत आहेत.

याचे मूळ धारवाडात आहे. सौ.चे माहेर तिथले. तिथे पितळेच्या दुमजली फिल्टरमध्ये पहाटे थेंबथेंब डिकॉक्शन उतरे आणि त्या वासाने तिला जाग येई. तिथून ती आली आमच्या अकरा माणसांच्या घरात. इथे एकच मोठे पातेले, त्यात एकच चहा. कॉफीचा डबा वरच्या फळीवर, सुंठ आणि काढ्याच्या पुड्यांच्या शेजारी. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी तिला हिवताप आला. आठ दिवस आईने तिला रोज चार वाजता स्वतःच्या हाताने कॉफी करून दिली. पुढे कितीतरी वर्षांनी सौ.ने मला सांगितले, ‘‘अहो, ताप सहाव्या दिवशीच उतरला होता. मी दोन दिवस सांगितलंच नाही.’’

आता अकरांचे घर चौघांचे झाले आहे. चार वर्षांपूर्वी माझ्या मेहुण्याने बहिणीला एक लहानसे यंत्र भेट दिले. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘15 बार’ असे छापलेले. आकड्यांचा मोठा दरारा असतो. परंतु एस्प्रेसोला दाब लागतो तो साधारण 9 बारचा. म्हणजे आपल्या डोक्यावर हवेचा जो भार असतो त्याच्या नऊपट. खोक्यावरचा आकडा पंपाची ताकद सांगतो, कपातली चव नव्हे. त्या यंत्राच्या चाळणीला दुहेरी तळ होता आणि खालच्या तळाला टाचणीएवढे एकच भोक. त्यातून पिचकारीसारखी कॉफी निघे, वर फेसही येई. सौ. पहिला घोट घेऊन म्हणे, ‘‘फेस आहे, पण कॉफी कुठाय?’’

आपल्याकडे एस्प्रेसो म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे लग्नातले ते चकचकीत यंत्र उभे राहते. फर्रर्र आवाज करत दुधात वाफ सोडायची, त्यात विरघळणारी पावडर आणि मूठभर साखर, वर चॉकलेटच्या भुकटीची चिमूट. तिलाच आपण ‘एक्स्प्रेसो’ म्हणतो. तिची चव वाईट असते असे मी म्हणणार नाही. लग्नात काहीच वाईट लागत नाही. पण खरी एस्प्रेसो ती नव्हे. इटलीतल्या तुरीन शहरात आंजेलो मोरिओन्दोने 1884 साली वाफेवर कॉफी करण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. 1901 साली मिलानच्या लुईजी बेझेराने प्रत्येक कप वेगळा काढण्याची सोय केली. वाफेच्या जोराने कॉफी लवकर होई, पण करपे. आकिले गाजियाने 1938 साली नवे पेटंट घेतले आणि महायुद्ध संपल्यावर दांडा ओढून, स्प्रिंगच्या जोराने पाणी दाबणारे यंत्र बाजारात आणले. तेव्हा कुठे कपावर ती तांबूस साय दिसू लागली. 1961 साली विजेचा पंप बसवलेले यंत्र आले आणि दांडा ओढणाऱ्या हाताला विश्रांती मिळाली.

ही सारी माहिती मी जमवली ती मुलांच्या वह्या तपासता तपासता. मॅट्रिकच्या पुढे न गेलेल्या माणसाला पदार्थविज्ञान शिकायचे तर त्याला पोटाची वाट बरी पडते. कॉफीचा अर्क काढायला पाणी 90 ते 96 अंशांचे लागते, उकळते नव्हे. दूध फेसाळायला मात्र वाफ हवी आणि त्यासाठी बॉयलर 120 अंशांच्या वर न्यावा लागतो. एकच बॉयलर असेल तर कॉफी काढून दुधासाठी थांबावे लागते. थांबायचे नसेल तर दोन बॉयलरांचे यंत्र घ्यावे. त्याची किंमत ऐकल्यावर थांबणे हा केवढा मोठा सद्गुण आहे हे कळते.

माझ्या कादंबरीच्या मानधनाचे पैसे बाजूला ठेवले होते. त्यात सौ.ने शिवणकामातून साठवलेले निम्मे. म्हणजे मत दोघांचे, आणि वजन तिच्या मताला अधिक.

सल्ला घ्यायला मी गेलो तो आमच्या गल्लीतल्या चाचांकडे. चाचा जॉबर, चाळीस वर्षे त्यांनी साचे दुरुस्त केले आहेत. आयुष्यात त्यांनी कॉफी दोनदा प्यायली असेल. मी यंत्रांची चित्रे त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी किंमत विचारली नाही, रंग पाहिला नाही. पहिला प्रश्न केला, ‘‘गुरुजी, याचं पोट उघडता येतं का?’’ म्हणजे पान्याने उघडून आतले रबर बदलता येते का, झडप साफ करता येते का. मग पाण्याचे विचारले. आमच्याकडे बोअरच्या पाण्याने बादलीलाही पांढरी खपली धरते, मग बॉयलरची काय कथा! गाळलेले, कमी क्षारांचे पाणी वापरा आणि ठरावीक दिवसांनी आतली खपली काढा, नाहीतर दोन वर्षांत यंत्र भंगारात जाईल, असे त्यांनी बजावले. शेवटी ते जे बोलले ते मी वहीत लिहून ठेवले आहे. ‘‘कपडा खराब निघाला की शेठ साच्यावर रागावतो. दहात सहा वेळा दोष सुताचा असतो. आधी सूत बघा.’’

कॉफीचे सूत म्हणजे तिची बी आणि तिचे दळण. येमेनहून सात बिया लपवून आणून बाबा बुदान यांनी चिकमगळूरजवळच्या डोंगरावर लावल्या, अशी सतराव्या शतकातली आख्यायिका आहे. आज त्या डोंगरावरच्या, चिकमगळूरच्या आणि कूर्गच्या कॉफीला 2019 सालापासून भौगोलिक मानांकन आहे. आपल्या चिखलदऱ्यालाही कॉफीची झाडे आहेत. एवढे सोने घरच्या घरी असताना ते महिनोन्महिने आधी दळून ठेवायचे आणि मग यंत्राला नावे ठेवायची, हे चाचांच्या शेठसारखेच झाले. दळण जाडे झाले तर पाणी धावत निघून जाते आणि कॉफी आंबट लागते. फार बारीक झाले तर पाणी अडते आणि कॉफी कडू होते. तेव्हा ठरले, दोन बॉयलरांचा थाट नको. एका बॉयलरचे, पोट उघडणारे, साध्या चाळणीचे यंत्र घ्यावे आणि वाचलेल्या पैशांत चांगली चक्की.

नाशिकच्या दुकानात मात्र विक्रेत्याने एक तिसरेच यंत्र पुढे केले. एक बटण दाबा, बाकी सगळे ते करते: दळते, दाबते, दूधसुद्धा घालते. मला मोह पडला. किंमत थोडी जास्त, पण कष्ट काहीच नाहीत. मी सौ.कडे पाहिले. ती त्या बटणाकडे पाहत होती.

‘‘चव कोण ठरवतं?’’ तिने विचारले.

‘‘यंत्रच ठरवतं, ताई. सगळं आधीच भरलेलं असतं,’’ विक्रेता अभिमानाने म्हणाला.

‘‘मग नको,’’ ती म्हणाली. ‘‘दुसऱ्यांनी ठरवलेल्या चवीचं मी बावीस वर्षं प्यायलेय.’’

विक्रेत्याला ते कळले नसावे. मला कळले. आम्ही साधे यंत्र आणि चक्की घेऊन एस.टी.ने परत आलो. चांदवडच्या चढावर ती ते खोके मांडीवर घेऊन बसली होती, लहान मुलाला घेऊन बसावे तशी.

पुढचा पंधरवडा आमच्या स्वयंपाकघराची प्रयोगशाळा झाली. 18 ग्रॅम दळण, 36 ग्रॅम अर्क, 25 ते 30 सेकंद, असे आकडे सौ.ने माझ्या शाळेच्या वहीत मांडले. पहिल्या दिवसाच्या रकान्यात शेरा आहे ‘कडू’. दुसऱ्या दिवशी ‘आंबट’. चौथ्या दिवशी ‘वीज गेली’. नवव्या दिवशी शेरा नाही, नुसती बरोबरची खूण आहे, मी मुलांच्या वहीवर करतो तशी. त्या दिवशी तिने कप हातात घेतला आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. पलीकडे साचे खडखडत होते. मी काही विचारले नाही.

चाचांना बोलावले. त्यांनी आधी यंत्राच्या तळाचे स्क्रू पाहिले, समाधानाने मान डोलावली, कॉफीचा एक घोट घेतला आणि अतिशय अदबीने विचारले, ‘‘भाभी, चाय मिलेगी?’’

राहिली आई. ती आता ऐंशीच्या पुढे आहे. दुपारी झोपून उठली तेव्हा सौ.ने दूध घालून, साखर जरा जास्त टाकून, कप तिच्यापुढे नेला. आईने वास घेतला. जायफळ नव्हते. तिने कप खाली ठेवला, स्वतःच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि घाबरून सुनेला विचारले, ‘‘का गं, मला काय झालंय?’’

‘‘काही नाही, आई,’’ सौ. तिच्याजवळ बसत म्हणाली. ‘‘काही झालं नाही, म्हणूनच केलीय. घ्या.’’