चार गोलांचा प्रवास

२३ ऑक्टोबर २०२३ ला आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये रियाधला सौदीच्या अल हिलालनं मुंबई सिटीला ६-० असं धुतलं. पुढे दोनच आठवड्यांनी, ६ नोव्हेंबरला, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर तेच दोन क्लब पुन्हा भिडले आणि निकाल लागला २-०. हरलो दोन्हीकडे. पण मी फुटबॉल शिकवणारा माणूस. मला त्या मधल्या चार गोलांचं कुतूहल आहे. ते गेले कुठं?

तो नेरूळचा सामना बघायला आम्ही नांदेडहून पनवेल एक्सप्रेसनं गेलो होतो. लातूरची पोरं रात्री वाटेत चढली, आपापले डबे घेऊन. सगळ्यांना अल हिलालचा नेमार बघायचा होता. तो तर ऑक्टोबरातच ब्राझीलकडून खेळताना गुडघा मोडून बसलेला. ते पोरांना ठाऊक होतं, तरी तिकीट काढलं होतं. न जाणो, येईल! आला नाहीच. मी मात्र त्यांना सांगत होतो, नेमारला सोडा, चेंडू बाहेर गेल्यावर थ्रो-इन घ्यायला कोण धावत जातं ते बघा. घरचा संघ धावत जातो. पाहुणा दम खात जातो.

दोन देशांच्या लीगमधले क्लब समोरासमोर येतात तेव्हा आपण खेळाडूंची किंमत मोजतो, प्रशिक्षकांची नावं घेतो. प्रवासाचा हिशोब कुणी मांडत नाही. विमान, वेगळी हवा, परकं गवत, परकं अन्न, आदल्या संध्याकाळी त्या मैदानावर मिळणारा एखादा तासाचा सराव आणि दुसऱ्या दिवशी सामना. परक्या मैदानावर बचावफळी नकळत दहा पावलं मागं सरकते. कुणी सांगितलेलं नसतं. पण ती मागं सरकली की मधली फळी एकटी पडते, आणि समोरच्याला वळायला, मान वर करून बघायला जागा मिळते. अल हिलालच्या मित्रोविचसारख्याला एवढं पुरतं. रियाधला त्यानं हॅटट्रिक केली.

आता उलट बाजू बघा. याच स्पर्धेत २०२१ मध्ये करोनामुळे गटाचे सगळे सामने एकाच जागी झाले. एफसी गोवाला फातोर्डाचं घरचं मैदान मिळालं, प्रेक्षक मात्र नव्हते. या स्पर्धेच्या गटसाखळीत पोचलेला तो पहिला भारतीय क्लब. त्यानं तीन सामने बरोबरीत सोडवले आणि कतारच्या अल रय्यानला मागं टाकून तिसरा नंबर घेतला. २०२२ मध्ये मुंबई सिटी रियाधलाच मुक्काम ठोकून राहिली. सहाही सामने तिथंच. ११ एप्रिलला इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ नं हरवलं. या स्पर्धेत भारतीय क्लबनं जिंकलेला तो पहिला सामना. नंतर त्याच संघाला पुन्हा हरवून गटात दुसरा नंबर. आणि २०२३ मध्ये एक सामना घरी, एक परदेशी अशी नेहमीची रीत परतली, तेव्हा सहापैकी सहा पराभव. त्यात ‘घर’ म्हणजे मुंबई सिटीचं नेहमीचं अंधेरी नव्हेच. पुण्याचं बालेवाडी, नाहीतर नेरूळ. अल हिलाल भारी संघ होता, हे खरंच. तरी मला वाटतं, आपल्या क्लबांना मुक्काम मानवतो, ये-जा मानवत नाही.

हे काही आजचं नाही. हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ १९५० ते ५४ सलग पाच वर्षं मुंबईत येऊन रोव्हर्स कप घेऊन गेला. तेव्हा नांदेड आणि आजचा लातूर जिल्हा हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे आमच्या लेखी ती घरचीच टीम. त्यांचे प्रशिक्षक रहीमसाहेब, त्यांचं शिकवणं, त्यांची शिस्त, सगळं मान्य. पण ती स्पर्धाही एकाच गावात मुक्काम करून खेळायची होती, हे विसरू नये.

पण मुक्काम सगळ्यांनाच मानवतो असं नाही. अमेरिकेच्या आणि मेक्सिकोच्या लीगमधल्या क्लबांचा लीग्ज कप आहे ना, तिथं २०२३ आणि २०२४ मध्ये दोन्ही लीगमधले सगळेच्या सगळे क्लब, मिळून ४७, उतरवले आणि एकही सामना मेक्सिकोत ठेवला नाही. ‘सीमापार’ म्हणायचं आणि सीमा एकाच बाजूनं ओलांडायला लावायची! मायामी, कोलंबस, सिएटल: २०२३ ते २०२५ चे तिन्ही विजेते अमेरिकेचेच. गंमत म्हणजे त्याआधी, स्पर्धा छोटी होती तेव्हा, क्रूझ अझुल आणि लेऑन हे मेक्सिकन क्लब लास वेगासमध्ये चषक जिंकले होते. एका सामन्यापुरतं परक्या मैदानावर उभं राहता येतं. महिनाभर बॅगेतून कपडे काढून खेळायचं म्हणजे निराळंच काम. आणि कधी कधी तर संघ निघतच नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मोहन बागान इराणमधल्या ताब्रिझला गेला नाही, आशियाई महासंघानं ती त्यांची माघार धरली, विषय संपला.

आमच्या पोरांना हे फळ्यावर सांगून कळत नाही. त्यांचं फुटबॉल म्हणजे बाद पद्धत. एका गावात जमायचं, हरलं की दुपारची एसटी. घरी खेळणं आणि परगावी खेळणं यातला फरक अंगात मुरायला वेळच मिळत नाही. म्हणून मी लातूरच्या एका प्रशिक्षकांपुढे विषय काढला: नांदेड-लातूर, दोनच सामने, एक तुमच्याकडे, एक आमच्याकडे, गोलांची बेरीज करायची. अहमदपूरमार्गे तीन-चार तासांचा रस्ता, तोही आपला नेहमीचा. आमच्या काळ्या मातीला हिवाळा सरता सरता भेगा पडतात, चेंडू कुठं उसळेल ते आमच्याच पोरांना ठाऊक. त्यांनाही त्यांच्या मैदानाच्या अशाच खोडी ठाऊक असणार.

सर लगेच हो म्हणाले. भाड्याचं आणि जेवणाचंही जमलं: ज्याच्या गावी सामना, त्यानं जेवू घालायचं. अडलंय ते एवढ्यावरच, की आधी कुणी कुणाकडे जायचं. बेरजेच्या लढतीत शेवटचा सामना आपल्या घरी असलेला बरा, हे त्यांनाही पक्कं माहीत आहे. मी फोन केला की ते म्हणतात, “सर, आधी तुम्ही आदरातिथ्य करा की! आम्ही येतो.” आणि मी म्हणतो, “छे छे, पहिला मान तुमचा, आम्हीच येतो.”