सीताफळाचा जॅम होत नाही



दसरा जवळ आला की आमच्या नार्नूरच्या बाजारात सीताफळांच्या टोपल्या दिसू लागतात. ही बागेतली फळे नव्हेत. आजूबाजूच्या रानात, खडकाळ उतारावर, कोणी न लावता आणि कोणी पाणी न घालता आलेली ही देवाघरची फळे. गोंडी, लंबाडी, तेलुगू आणि मराठी अशा चार भाषांत त्यांचा भाव ठरतो. पण भाव करण्यात फार वेळ घालवून चालत नाही. आज कडक असलेले फळ उद्या मऊ पडते आणि परवा काळे.

माझ्या आत्याचे भांडण आहे ते ह्या परवाशी. तिचा मुलगा, माझा आतेभाऊ, हैदराबादला नोकरी करतो. लहानपणापासून त्याचा जीव सीताफळावर. सुट्टी मात्र त्याला नाताळलाच मिळते, आणि तोवर रानात एकही फळ उरलेले नसते. आत्या सत्तरीची आहे. कैरीचा साखरांबा, गुळांबा, आवळ्याचा मोरावळा ह्यांत तिचा हात धरणारे आमच्या वस्तीत कोणी नाही. तेव्हा गेल्या वर्षी तिने जाहीर केले, "सीताफळाचा जॅम करून ठेवते. बघू कसा टिकत नाही ते!"

पहिला दिवस बियांत गेला. एका फळात तीस-चाळीस बिया, आणि गर बीला असा बिलगलेला की जणू लग्नाची शपथच घेतली आहे. मदतीला धर्मशिक्षणाच्या वर्गातली चार मुले आली. त्यांनी बिया इमानदारीने वाटीत जमा केल्या. गर कुठे जात होता, ते त्यांच्या ओठांवर दिसत होते. अर्ध्या टोपलीतून जेमतेम एक पातेले गर निघाला.

मग साखर घालून पातेले चुलीवर चढले. सुरुवातीला घरभर सुगंध सुटला. थोड्या वेळाने पांढऱ्या गरावर गुलाबी झाक आली. आत्याने बोटावर थेंब घेऊन चाखला आणि काही न बोलता साखरेचा डबा पुन्हा उघडला. गर कडू झाला होता! आणखी साखर घातली, तर गोड आणि कडू झाला. लिंबू पिळले, तर गोड, कडू आणि आंबट. शेजारच्या तेलुगू वहिनी चव घेऊन म्हणाल्या, "आत्या, उगादीची पच्चडी ह्या वर्षी दसऱ्यालाच केलीत का?" वर्गातल्या सगळ्यात धाकट्याने विचारले, "आजी, हे खोकल्याचं आहे का?"

ह्यात आत्याच्या हाताचा काही दोष नव्हता. सीताफळाचा स्वभावच तसा आहे. त्याचा गर तापवला की कडवट होतो. म्हणूनच बासुंदीत सीताफळ घालायचे ते दूध पूर्ण निवल्यावर. पुण्याजवळच्या पुरंदर भागात सीताफळाचे पीक मोठे आहे. तिथला गर वर्षभर टिकवायचा तर तो गोठवतात, आटवत नाहीत. जॅमला आग लागतेच. फळातले पेक्टिन, आंबटपणा आणि साखर एकत्र उकळून साधारण १०५ अंश सेल्सिअसला पोहोचले, तर जॅम धरतो. बाजारच्या जॅममध्ये साखर आणि इतर विरघळलेले घटक मिळून निदान शेकडा ६५ असावे लागतात. एवढ्या साखरेत पाणी अडकून पडते आणि बुरशीला जगायला जागा उरत नाही. पेरू ही आग सोसतो. सीताफळ सोसत नाही.

त्या रात्री आत्या गप्प होती. एका पातेल्यासाठी एवढे काय मनाला लावून घ्यायचे, असे कोणालाही वाटले असते. पण तिला जॅम करायचा नव्हताच. दूर असलेल्या लेकराला त्याचा वाटा मिळावा, एवढेच तिला हवे होते. मध्येच ती म्हणाली, "साठवून ठेवणं देवाला आवडत नाही की काय गं? मान्नाला किडे पडले होते ना?"

हा प्रश्न मी पुढच्या रविवारी वर्गात नेला. निर्गमच्या सोळाव्या अध्यायात लोकांनी मान्ना दुसऱ्या दिवसासाठी लपवून ठेवला, तेव्हा त्यात किडे पडून दुर्गंधी सुटली, हे खरे. पण तोच अध्याय पुढे वाचावा. शब्बाथासाठी आदल्या दिवशी दुप्पट गोळा केलेला मान्ना नासला नाही. शिवाय एक ओमरभर मान्ना पात्रात घालून पुढच्या पिढ्यांसाठी जपून ठेवायला देवानेच सांगितले, म्हणजे रानात देवाने खाऊ घातलेले अन्न त्या पिढ्यांना पाहता यावे. योहानाच्या सहाव्या अध्यायात पाच हजारांचे जेवण झाल्यावर प्रभू येशूने उरलेले तुकडे गोळा करायला लावले. बारा टोपल्या भरल्या. म्हणजे जपून ठेवणे हे पाप नाही. उद्या देव देईल की नाही ह्या भीतीने लपवलेले नासते. जो आज पंगतीत नाही, त्याच्यासाठी प्रेमाने राखलेला वाटा देवाला मान्य आहे.

आपली ख्रिस्तसभा आरंभापासून हेच करत आली. इ.स. १५०च्या सुमारास रोममध्ये राहणाऱ्या संत जस्टिन यांनी त्या काळच्या उपासनेचे वर्णन लिहून ठेवले आहे. जे हजर राहू शकले नाहीत, त्यांच्याकडे डीकन ख्रिस्तप्रसाद घेऊन जात, असे त्यात आहे. आजही वेदीजवळच्या मंजूषेत ख्रिस्तप्रसाद राखून ठेवतात तो आजाऱ्यांसाठी. आत्याचे मन ह्याच वाटेवरचे होते. फक्त फळ दुसरे हवे होते.

उरलेली अर्धी टोपली तिने दुसऱ्याच दिवशी गल्लीतल्या मुलांना वाटली. डिसेंबरात पेरू आले. तिने ते चिरून शिजवले, गाळले, साखर आणि लिंबू घालून आटवले. थंड बशीवर थेंब टाकून बोटाने सरकवला, तर त्याला सुरकुती पडली. बरणी भरली.

नाताळला दादा आला. चपातीला जॅम लावून खाताना त्याने विचारले, "आई, सीताफळं झाली का गं यंदा?"

"झाली की. पोरांनी खाल्ली," आत्या म्हणाली. तिच्या आवाजात थोडी हुरहुर होती, पण खंत नव्हती.

प्रियजनहो, आपल्या घरातही काही देणग्या पेरूसारख्या असतात. पैसा, धान्य, विद्या, आठवणी. त्या नीट राखाव्यात, आणि जे दूर आहेत त्यांचा वाटा काढून ठेवावा. काही देणग्या मात्र सीताफळासारख्या आहेत. आजारी शेजाऱ्याची भेट, रुसलेल्या भावाला करायचा फोन, म्हाताऱ्या आईजवळ बसायचा एक तास. ह्यांची बरणी भरता येत नाही. ह्या आठवड्यात तुमच्या टोपलीत असे कोणते फळ मऊ पडायला आले आहे? ते आजच कोणाच्या तरी हातात द्या.

हे प्रभो, जे टिकते ते राखण्याचा धीर आणि जे टिकत नाही ते आजच वाटून टाकण्याचा विश्वास आम्हाला दे. जी लेकरे पोटासाठी दूर गेली आहेत, त्यांचा वाटा तू सांभाळ. आमेन.