तारणाची किंमत कोण मोजतं?

सत्तरी ओलांडली की आजूबाजूची माणसं एक उपदेश हमखास करतात. "आता पुरे झाला प्रपंच, जरा परमार्थाकडे बघा." मला अजून सकाळचा आल्याचा चहा आवडतो, रेडिओवरची जुनी गाणी आवडतात, नातवाशी पत्ते कुटायलाही आवडतं. हे सगळं सोडल्याशिवाय वरचं दार उघडतच नाही का? आपल्या संतांनी याचं उत्तर आपापल्या परीने दिलेलं आहे. पण हाच प्रश्न शेजारच्या घरात कसा सोडवतात, तेही बघावं म्हणून मध्यंतरी ख्रिस्ती धर्माबद्दल थोडं वाचन केलं.

ख्रिस्ती लोक मोक्षाला 'तारण' म्हणतात. शब्द मोठा बोलका आहे. बुडणाऱ्याला कुणीतरी हात देऊन वर काढावं, तसं. ते पुण्याईने कमवायचं नसतं, देवाच्या कृपेने मिळतं. माणसाने एवढंच करायचं, की तो हात धरायला आपली मूठ उघडायची. आणि तेच तर कठीण!

मार्काच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात, एका श्रीमंत माणसाची गोष्ट आहे. लहानपणापासून सगळ्या आज्ञा पाळलेला सज्जन गृहस्थ. सार्वकालिक जीवन मिळायला काय करू, असं तो येशूला विचारतो. असेल नसेल ते विकून गोरगरिबांना दे आणि माझ्यामागे ये, असं येशू सांगतो. तो बिचारा खिन्न होऊन निघून जातो, कारण त्याची मालमत्ता पुष्कळ असते. या गोष्टीत मला एक बारकावा फार महत्त्वाचा वाटतो. धन फेकून दे असं येशू म्हणत नाही, गरिबांना दे म्हणतो. म्हणजे एकाने सोडलेलं दुसऱ्याच्या पानात पडायला हवं.

येशूचं सुखाशी वैर होतं असंही दिसत नाही. काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला तेव्हा त्याने पाण्याचा द्राक्षारस केला, असं योहान सांगतो. लोकांच्या पंगतीला बसतो म्हणून त्याला खादाडसुद्धा म्हटलं गेलं. तेव्हा प्रश्न सुखाचा नाही, सुख देवाच्या जागी जाऊन बसतं त्याचा आहे.

हे सगळं पटलं. अडले ते संत ऑगस्टीनपाशी. इ. स. ३५४ मध्ये उत्तर आफ्रिकेत जन्मलेला हा बुद्धिमान माणूस. तरुणपणी ब्रह्मचर्यासाठी प्रार्थना करायचा, पण ती देवाने इतक्यात ऐकू नये असंही त्याला वाटायचं! (किती खरं आहे हे, नाही?) ३८६ मध्ये मिलान शहरात त्याचं मन पालटलं, पुढल्या वर्षी त्याने बाप्तिस्मा घेतला आणि नंतर 'कन्फेशन्स' हे आत्मकथन लिहिलं.

त्या पुस्तकात एक बाई आहे. पंधराएक वर्षं ती त्याच्याबरोबर राहिली, त्याच्या मुलाची आई झाली. पुढे मोठ्या घरची सोयरीक जमली म्हणून तिला आफ्रिकेत परत पाठवण्यात आलं. मुलगा बापाकडे राहिला. म्हणजे तिला घालवलं ते तारणासाठी नव्हे, जगातल्या मानमरातबासाठीच. नंतर वैराग्य आलं तेव्हा ती सोयरीकही त्याने सोडली, पण या बाईला पुन्हा विचारल्याचा उल्लेख पुस्तकात नाही. आपलं काळीज तेव्हा रक्तबंबाळ झालं, हे तो प्रामाणिकपणे लिहितो. तिचं नाव मात्र लिहीत नाही.

मी इथे थांबले, कारण मला आमच्या नात्यातल्या एक काकू आठवल्या. त्यांचे यजमान चाळिशीत घर सोडून परमार्थाला गेले. काकूंनी शिवणाच्या मशीनवर तीन मुलं वाढवली. लोक काकांच्या वैराग्याचं कौतुक करत, आणि काकू पोलक्याला काजं करत ते ऐकत बसत.

आपल्याकडचं उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचं. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा बायकोवर आकाशच कोसळलं. काही वर्षं वेगळं राहून ती परत नवऱ्याकडे आली, पण त्याच्यामागून फरपटत नव्हे. सोवळंओवळं तिचं तिने, स्वतःच्या विचाराने सोडलं आणि मग बाप्तिस्मा घेतला. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरीही सोडली. अशा उदार माणसाचा संसार चालवणं सोपं नव्हतं, हे 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या कुणालाही सांगायला नको. ऑगस्टीनची सोबतीण निनावी राहिली. लक्ष्मीबाईंनी मात्र आपली बाजू स्वतः लिहिली, तीही हसत हसत.

ख्रिस्ती शिकवणीत देवावर प्रेम आणि शेजाऱ्यावर प्रेम या दोन आज्ञा एकत्रच सांगितल्या आहेत. मग सर्वांत जवळचा शेजारी कोण? घरातलंच माणूस ना! म्हणून कुणी जगाचा त्याग केल्याचं कानावर आलं, की त्याने काय सोडलं हे मी आधी विचारत नाही. त्याच्या घरी चूल कोण पेटवतं, ते विचारते. माझ्या चहाचं म्हणाल, तर तो चालूच आहे. फक्त दारी कुणी आलं, तर आधण दोन कपांचं ठेवते.