खाडीसाठी जीपीएस घेताना

मोबाइलमध्ये जीपीएस असताना वेगळे यंत्र कशाला? आमच्या घरात पहिला प्रश्न हाच निघाला, आणि तो रास्त होता. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि आपल्या हातातले यंत्र त्यांचे संकेत फक्त ऐकते. चार उपग्रहांचे संकेत मिळाले की आपण कुठे आहोत ते कळते. त्याला टॉवर लागत नाही, रिचार्ज लागत नाही. नकाशा आधी उतरवून ठेवला तर मोबाइलही हे काम करतो. पण ओल्या बोटांना त्याचा पडदा दाद देत नाही. शिवाय वाट बघण्यातच बॅटरी संपली तर मदतीला फोन कशावरून करायचा?

हा विचार आम्हाला करावा लागला तो भाच्यामुळे. तो दाभोळ खाडीत कयाक चालवतो. जानेवारीतल्या एका सकाळी वाशिष्ठीवर धुके दाटले आणि अर्धा तास त्याला एकही काठ दिसेना. फेरीबोटीच्या भोंग्याच्या अंदाजाने तो धक्क्याला लागला. त्यानंतर अम्मीने साफ सांगितले, "वाट दाखवणारे काही असेल तरच पाण्यात जायचे."

मग आम्ही यंत्राचे गुण कागदावर लिहून काढले. पहिला, बटणे हवीत. ओल्या हाताने, न बघताही दाबता येतील अशी. दुसरा, पेन्सिल सेलवर चालणारे हवे, कारण हे सेल गावच्या किराणा दुकानातही मिळतात आणि जादा जोडी पिशवीत ठेवता येते. तिसरा, पाण्यापासून संरक्षण. खोक्यावर 'आयपीएक्स-७' लिहिलेले असेल तर यंत्र एक मीटर पाण्यात तीस मिनिटे टिकते. टिकते म्हणजे तरंगते असे मात्र नाही. गार्मिनचे जीपीएसमॅप ७९ तरंगते, ई-ट्रेक्स बुडते. आम्ही परवडणारे लहान यंत्र घेतले, त्याला तरंगणारा पट्टा लावला आणि दोरीने लाइफ जॅकेटला बांधायचे ठरवले. पट्टा पेलतो का, ते घरी बादलीत टाकून पाहिले.

कुवेतचे मामू उपग्रहावरून संदेशही पाठवणारे यंत्र आणायला निघाले होते. आम्ही त्यांना थांबवले. तसे यंत्र आपल्या देशात परवानगीशिवाय बाळगता येत नाही. ते सामानात सापडल्यामुळे विमानतळावर प्रवासी अडकल्याच्या घटना घडल्या आहेत. परदेशातून वस्तू मागवणाऱ्या घरांनी हे जरूर लक्षात ठेवावे. नुसते संकेत ऐकणाऱ्या यंत्राची गोष्ट वेगळी.

यंत्र हाती आले तेव्हा त्याची मर्यादाही कळली. धक्क्याची खूण करून 'इकडे चल' म्हटले की बाण सरळ रेषेत दिशा दाखवतो. मधे खारफुटी आहे की ओहोटीने उघडा पडलेला चिखल, हे बाणाला ठाऊक नसते. वाळूचे पट्टे तर दर पावसाळ्यात जागा बदलतात. म्हणून जाताना निघाल्यापासून वाटेची नोंद चालू ठेवायची आणि परतताना बाणामागे न जाता त्याच वाटेने यायचे, तेही पाणी उतरण्याआधी.

आणि पाण्याचा अंदाज तर आपल्या स्वयंपाकघरातल्या हिजरी कॅलेंडरवरही मिळतो. चांद दिसतो त्या सुमारास आणि चौदा-पंधरा तारखेच्या आसपास उधाण असते. तेव्हा पाणी जोराने चढते, जोराने उतरते. सात-आठ आणि बावीस-तेवीसच्या सुमारास भांगाचे पाणी, त्यात ओढ कमी. भरतीची नेमकी वेळ तक्त्यात पाहावी, पण दिवस कसा आहे हे चंद्र सांगतो. पंधराव्या शतकातले अरब नाविक इब्न माजिद ताऱ्यांवरून वाट काढत आणि वारे, किनारे यांचेही ज्ञान लिहून ठेवत. एका साधनावर दर्याचा प्रवास होत नाही, हे जुन्या लोकांना ठाऊक होते.

आता आमच्या फ्रिजवर एक चिठ्ठी असते: कुठून निघाला, कुठवर जाणार, किती वाजता परतणार. त्या वेळेनंतर अर्धा तास वाट पाहायची, मग धक्क्यावरच्या होडीवाल्यांना आणि तटरक्षक दलाच्या १५५४ क्रमांकावर कळवायचे. यंत्र भाच्याला त्याची जागा सांगते, आम्हाला नाही. आम्हाला ती चिठ्ठी सांगते, आणि ती लिहिल्याशिवाय अम्मी यंत्रात सेल घालू देत नाही.