अदलाचा तराजू

जुन्नरमधील जुने वाडे एकामागून एक उतरू लागले आहेत. जोते खणताना, किंवा मंचर-घोडेगावच्या मळ्यांत नांगरट चालू असताना, हिरवा गंज चढलेली तांब्याची चकती हाती येते. काही हौशी तरुण तर धातुशोधक यंत्र घेऊन शिवार धुंडाळतात. नाणे पेढीवर येते आणि पहिला प्रश्न असतो : याचे किती येतील?

प्रश्न व्यापाऱ्याचा आहे. उत्तरही त्याच्याच साधनाने शोधावे. चिंचेने घासण्याचा मोह टाळून (घासलेल्या नाण्याकडे जाणकार संग्राहक ढुंकूनही पाहत नाही) ते सराफी काट्यावर ठेवावे. कंपनीचा १८३५ सालचा पाव आणा, म्हणजेच त्या काळचा पैसा, १०० ग्रेनचा; आजच्या मापाने सुमारे ६.४८ ग्रॅम. रुपया १८० ग्रेनचा, बरोबर एक तोळा. त्यामुळे नऊ पैसे पाच तोळे भरत. झिजेने वजन थोडे उतरते, एवढे ध्यानात ठेवावे. मग लेख वाचावा. १८६२ पासून व्हिक्टोरिया राणीची मुद्रा येते, १८७७ पासून 'एम्प्रेस' हे बिरुद. १९०६ साली तांब्याच्या जागी कांसे आले आणि पैसा ७५ ग्रेनवर आला.

सर्वांत देखणा मात्र त्याआधीचा मुंबई इलाख्याचा पैसा. १७९१ साली तो बर्मिंगहॅमला पाडला गेला. एका बाजूस कंपनीचे व्यापारचिन्ह, दुसऱ्या बाजूस तराजू आणि दोन पारड्यांच्या मध्ये फारसी लिपीत 'अदल', म्हणजे न्याय. १८१८ साली पेशवाई गेली आणि हा मुलूख कंपनीकडे आला, तरी बाजारात शिवराई पुढे कितीतरी वर्षे चालतच होती. म्हणून एकाच ढेकळात शिवराई आणि तराजूचा पैसा सापडला, तर नवल नाही.

नवल वाटावे ते दुसऱ्याच नाण्याचे. १८१८ साल, राम-सीता किंवा मारुती, वर कंपनीचे नाव! असे नाणे कंपनीने कधीच पाडले नाही. ती देवळातील टिकली, बाजारात मोडीच्या भावाची. तरी लाखांचे आमिष दाखवून आधी 'नोंदणी शुल्क' मागणारे भेटतात. रिझर्व्ह बँकेच्या नावाने चालणाऱ्या अशा व्यवहारांबाबत बँकेने २०२१ च्या ऑगस्टमध्ये जाहीर इशारा दिला होता.

आणि यंत्रवाल्यांसाठी एवढेच : शिवनेरी, लेण्याद्री ही संरक्षित स्थळे आहेत, तेथे खणता येत नाही. इतरत्रही पुरलेले दहा रुपयांहून अधिक मोलाचे काही सापडले, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते.